रकाना

काउंटीच्या अहवालात एक रकाना रिकामा आहे: हेतू.
दोन बोटं उंच. त्यात मावेल तेवढंच लिहायचं.
त्यासाठी गेले चार गुरुवार आम्ही
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्यांवर बसतोय.
कॉफी करपते. भांडं कुणी उतरवत नाही.

शेरीफ टिबल्स म्हणतो, धर्मच.
वही बघा त्याची. पानोपानी भुसा आणि अग्नी,
आणि नाचणाऱ्यांची नावं, आडनावांसकट.
रात्ररात्र ऐकायचा कुठल्याशा प्रवचनकाराला,
शेजाऱ्यांना भिंतीतून आवाज यायचा.

पास्टर ओस्टरगार्ड म्हणतात, तो धर्म नव्हे,
धर्माचं कातडं पांघरलेलं काहीतरी.
वेंडेलला बाप्तिस्मा मीच दिला.
पाणी पडलं तेव्हा हसला होता.
(हसण्याचं कुणी विचारलं नव्हतं.)

डॉक्टर फारूकी तीन तास गाडी चालवत येतात.
म्हणतात, आजार होता असं लिहायला माझ्याकडे पुरावा नाही.
मग चष्मा पुसत, खाली बघत:
त्याचं नाव माझ्या भावासारखं असतं
तर हा रकाना पहिल्याच रात्री भरला असता.
फ्रिजची मोटर सुरू झाली, तेवढाच आवाज.

मिलो क्रेचमारची बायको
पोल्काच्या दुसऱ्या गाण्याला पडली, त्याच्या हातातून.
तो म्हणतो, हॉलवाल्यानं वेंडेलला मार्चमध्ये कामावरून काढलं,
बंदूक एप्रिलमध्ये आली. हिशेब सरळ आहे,
देवाला कशाला मध्ये ओढता?
मग उभाच राहतो.
नाहीतर ओढाच. आणा त्याला.
बसवा या खुर्चीवर, मलाही दोन गोष्टी विचारायच्यात.

मग माझी पाळी.
अल्मा लिंडक्विस्ट, वय एकाहत्तर, रविवारची शाळा, अडतीस वर्षं.
शेरीफ वही पुढे करतो, प्लास्टिकच्या पिशवीतली.
ओळींखाली लाल रेघा.
ही पेन्सिल तुम्ही दिलेली?
मी वचनं पाठ करणाऱ्या सगळ्यांनाच देते.
त्या वर्षी बारा जणांना दिली.
एक आता गुरांचा डॉक्टर आहे. एकीची बेकरी चालत नाही.
एक, लोर्ना, त्या रात्री हॉलमध्ये नाचत होती,
पिवळे बूट.

मी एवढंच सांगितलं.
जे सांगितलं नाही ते असं:

फ्लॅनेलचा फळा होता माझ्याकडे, त्यावर चिकटायची फेल्टची चित्रं.
तारू. जिराफांची जोडी. नोहा, दाढीवाला.
इंद्रधनुष्य, एका टोकाला चुरगळलेलं.
नऊ वर्षांचा वेंडेल फळ्याला नाक लावून:
बाई, बाकीची माणसं कुठायत?
कुठली बाकीची?
जी बुडाली ती. त्यांची बाळं.
मी म्हणाले, पाकिटात आली नव्हती.
तो हलेना. मग म्हणाले, वाईट होती ती, वेंडेल.
चल, बिस्किटं संपतील.

तो गेला. दोन बिस्किटं घेतली, एक खिशात ठेवलं.

यावरून काही सिद्ध होत नाही, मला कळतं.
तेच उत्तर बाराही जणांनी ऐकलं होतं.
तेच मी ऐकलं होतं, माझ्या आईनंही,
आणि आम्ही कुणी माशीसुद्धा…
असं म्हणायला जाते आणि वाक्य अर्ध्यावर सोडून देते.

शेरीफ म्हणाला, मग काय लिहू? हो की नाही?
मी म्हटलं, रकाना लहान आहे.
तो म्हणाला, फॉर्म राज्याकडून छापून येतात.

काल रात्री जुन्या कोटाचं राखाडी कापड कापत बसले.
माणसं कापली, अंगठ्याएवढी.
काही त्याहून लहान.
तारवाच्या खाली, निळ्या पट्टीवर लावून पाहिली.
चिकटतात.

रविवारी सात मुलं येणार आहेत.
फळा अजून भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.