साक्षीदार क्रमांक दोन

पान सहा, खालचा कोपरा.
हरवलेली गुणपत्रिका
आणि नाव बदललेली सून, यांच्या मधे
मन्मथ पांचाळ.
फोटोची शाई फुटलेली,
कान तेवढे त्याचेच.

'सदर इसम दिनांक अकरापासून
न कळवता गैरहजर असून
त्याच्याशी कोणीही व्यवहार केल्यास
कंपनी जबाबदार राहणार नाही.'

सदर इसम.
रबाळ्याच्या आमच्या शेडमध्ये
मशीन थांबलं की सदर इसम
तेलाचा दगड घेऊन डायवर वाकायचा,
डोळे मिटून अंगठा फिरवायचा,
आणि मी मायक्रोमीटर लावायच्या आधीच म्हणायचा,
"ताई, दोन शतांश जास्त आहे."
असायचंच.

हे नोटिशीत नाही.

बॉण्ड तीन वर्षांचा, पाचशेच्या स्टॅम्पवर.
मोडला तर दोन लाख, ट्रेनिंगचा खर्च.
ट्रेनिंग म्हणजे पुण्यात आठ दिवस,
लॉजवर एका खाटेवर तिघं.
आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट शेठच्या कपाटात,
गणपतीच्या वर्गणीच्या पावत्यांखाली.

वागळे इस्टेटला मेव्हण्याचं काम अडलं
की शेठ मन्मथला पाठवायचा,
शेजारणीला खलबत्ता द्यावा तसा,
संध्याकाळी परत करा म्हणून.
मेव्हणा बिल शेठला द्यायचा.
मन्मथला चहा.

उदगीरहून फोन आला, वडील पडले,
तेव्हा त्याने चार दिवस मागितले.
शेठ म्हणाला, बॉण्ड वाच.
त्याने खरंच वाचला.
जेवणाच्या सुट्टीत, मोठ्याने,
पारसिकच्या डोंगराकडे पाठ करून,
कलम एक ते अकरा,
मग शिक्का, मग तारीख, मग सह्या.
माझीही.
डब्याचं झाकण लावत म्हणाला,
"ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे."

त्यानंतर दोन महिने
माझ्या टेबलावर आलेला त्याचा एकही डाय
मला परत पाठवता आला नाही.
शोधत होते मी, खोटं कशाला बोलू,
एखादी चूक सापडली असती
तर बरं वाटलं असतं.

अकरा तारखेला लॉकर उघडा होता.
आत साबण, कंपनीचा गणवेश, घडी घातलेला.
कानशी नेल्या. त्या त्याच्या होत्या.

आज नवा मुलगा आलाय, दिघ्याच्या मामाबरोबर.
सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवीला गाठ.
मी आधी त्याचे अंगठे पाहिले.
शेठने कागद माझ्याकडे सरकवला,
"ताई, दोन नंबरला."

पेन माझंच होतं.
चालत होतं.