म्हातारीच्या बुटापर्यंत

सिरी रोडच्या तळाशी पहाटे पाचला
सिक्वेरा सर स्कूटरला टेकून उभे,
सीटवर वही, वहीवर टॉर्च.
"आठ," म्हणतात. नमस्कारही नाही.
आठ म्हणजे इथून वर, थेट म्हातारीच्या बुटापर्यंत,
मग खाली, मग पुन्हा इथून वर.

पहिला चढ गोड बोलतो.
दुसऱ्याला पोटऱ्या कुरकुरतात,
तिसऱ्याला माहेरचं-सासरचं सगळं काढतात.
चौथ्यात झरीनबाई मला मागे टाकतात,
वय अडुसष्ट, चाल शेळीची,
"साहेबजी" म्हणण्याइतका श्वास त्यांच्याकडे शिल्लक,
माझ्याकडे उत्तरापुरताही नाही.
डुंगरवाडीच्या झाडीतून मोर ओरडतो.
लोक म्हणतात, काय सुंदर.
मला वाटतं, त्यालाही धाप लागलीय.

"वर बघू नको गो हेमलता," सर खालून ओरडतात,
"तीन पावलं पुढचं बघ."
तीन पावलं पुढे असते गुलमोहराची काळी शेंग,
कुणा ड्रायव्हरची पिंक,
मागच्या फेरीतला माझ्याच घामाचा थेंब –
हे शेवटचं खोटं, पण पाचव्या चढावर
मला तो खरंच दिसला होता.

पाचव्यानंतर मी कठड्यावर बसले.
त्रेपन्न वर्षं, बँकेतली खुर्ची, गुडघ्यात हवामान खातं,
कुणी सांगितलं होतं बेचाळीस किलोमीटरचं?
जानेवारीत पेडर रोड समोर उभा ठाकेल
तेव्हा पायांत आधीच तीसेक किलोमीटर साचलेले असतील.
तेव्हाही काय, कठडा शोधणार?

बाबा याच रस्त्याने कामावर जायचे.
खेतवाडीतून चालत, चौपाटीवरून,
म्युनिसिपालिटीची खाकी चड्डी,
खांद्यावर लांब दांड्याची कातर.
हँगिंग गार्डनच्या झुडपांतून
ते हत्ती कापायचे, जिराफ कापायचे,
पावसाळ्यात हत्तीला पानं फुटून त्याचा ढग झाला
की पुन्हा हत्ती.
एकतीस वर्षं.
घरी येऊन त्यांनी हत्तीचं सांगितलं, जिराफाचं सांगितलं,
एका बाईची छत्री तारेने जोडून दिली, तेही सांगितलं.
चढाचं कधी सांगितलं नाही.

रविवारी मला बूट दाखवायला न्यायचे.
माझ्या आठवणीत हा रस्ता सपाट आहे.
अगदी सपाट, दोन्ही बाजूंना फांद्या हाताशी,
मी पानं ओरबाडत चाललेय
आणि कुठेतरी खाली
कुणीतरी जोरजोरात श्वास घेतंय.
तो आवाज मला इंजिनाचा वाटायचा,
म्हणून मी त्यांच्या टकलावर हॉर्न वाजवायची.

कठड्यावरून उठून सहावा चढ केला.
काही थोर वाटलं नाही. पोटात कळ आली.
सातव्याला उलटी होईलसं वाटलं, झाली नाही.
आठव्याच्या मध्यावर पाय थांबले.
मी नाही थांबवले, ते थांबले.
उरलेला मी चालत गेले, हात गुडघ्यांवर दाबत,
म्हातारीसारखी.
वर फाटक बंद होतं.
आत अंधारात तो बूट, एवढा मोठा,
कुणाच्याच पायात नसलेला.

खाली आले तर सरांनी वहीत सात लिहिलेलं.
"साडेसात," मी म्हटलं.
"चाललेलं आपण मोजत नाही."
"मोजा," मी म्हटलं. "या रस्त्यावर मोजा."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टॉर्च दोनदा हलवला,
बॅटरी संपत आली होती,
आणि सातच्या पुढे काहीतरी खरडलं.
काय ते मी वाचलं नाही.
माझी लेस सुटली होती
आणि मला वाकता येत नव्हतं.