पंच्याखाली

खानापुरात, इनासच्या मागच्या पडवीत
सात बाटल्या: चार लाल, तीन पांढऱ्या.
एकीलाही पाचशेची नोट मोडलेली नाही.
लेबलं दिसू नयेत म्हणून एस्लिनबाईंनी
लाल बाटल्यांना मराठी पेपर गुंडाळलाय,
पांढऱ्यांना कन्नड, वर सुतळी.
मी चष्मा काढतो तोच बाळाप्पा ओरडतो,
"वाचूलालास काय? चाखायचं हाय न्हवं?"

निपाणीच्या वखारीत एकतीस वर्षं
मी पाला हुंगून भाव सांगितला.
अक्कोळचा की बोरगावचा,
पावसात सापडला की वेळेत निघाला,
डोळे झाकून.
त्या वखारीत आता लग्नं लागतात.
नाकाचा मान मात्र राहिला,
म्हणून पहिला पेला माझ्याकडं येतो.

लिहायचं काही नाही. मधे पंचा पसरायचा,
त्याखाली हात, आणि सौद्यात दाबायचो तशी
शेजाऱ्याच्या तळव्यावर बोटं दाबायची.
एक म्हणजे झाडाला घाला.
पाच म्हणजे पाहुण्यांना.

पहिली लाल.
"ओगरू," बाळाप्पा म्हणाला.
"तुरट," इनास.
"तुरट म्हंजे कच्चं जांभूळ. ओगरू म्हंजे
जिभेवर कुणी गोणपाट ओढल्यागत."
"एकच की ते!"
"एक असतं तर दोन शब्द कशाला झाले?"
यावर भाकरीचा तुकडा,
जोंधळ्याची, बिनमिठाची,
जिभेची पाटी पुसायला.

दुसरी गोड, तापाच्या औषधासारखी. एक बोट.
तिसरीचं बूच मोडून आत पडलं,
गाळणीनं गाळून प्यालो, तरी तीन.
चौथीला इनास म्हणाला, ही कोरडी.
"ओली वस्तू कोरडी कशी रे?"
त्याला सांगता येईना.
घोट घेऊन बराच वेळ तोंड चोळत बसला.

आता सांगतो.
दोन वर्षांमागच्या तापात माझं नाक गेलं.
फोडणी जळते ती मला डोळ्यांनी कळते.
आंबट, गोड, कडू, खारट,
एवढ्याच चार घरांत दिवा आहे,
बाकी गल्ली अंधारी.
तरी पेला नाकाशी धरून म्हणतो,
"ढिगातल्या पाल्याला घाम फुटतो ना,
तिसऱ्या दिवशी, तसा वास."
दोघं पुन्हा हुंगतात
आणि नवल म्हणजे, त्यांना तो सापडतो.

सातवी पांढरी. एकशे नव्वदची,
इनासनं घेतानाच दुकानदाराची माफी मागितलेली.
ती प्याल्यावर कुणी बोलेना.
दारात उभ्या एस्लिनबाईंनी
नवऱ्याच्या पेल्यातला एक घोट घेतला,
आणि तिथंच खाली बसल्या.
"बोल की, पारखी!"

"थंड आहे," मी म्हटलं.
"मला तेवढंच कळतंय."

पंच्याखाली बाळाप्पाचा हात आधीच होता,
सुळेभावीच्या मागावर झिजलेला.
तेव्हा ध्यानात आलं,
सहाही बाटल्यांना त्यानंच आधी
माझ्या तळव्यावर आकडा दाबला होता
आणि मी तोच पुढं सरकवला होता.
या खेपेला त्यानं बोट दाबलं नाही.
हात नुसता ठेवला,
आणि अडाण्याला कागद वाचून दाखवावा
तसा सावकाश बोलू लागला:
"पेरू. अर्धा पिकलेला.
कुणी तरी ट्रंकेत ठेवून इसरलाय, कापडात."
"ट्रंकेत नव्हे," इनास म्हणाला, "झाडावरच.
पानाचा वास पण आहे."
"पान कुठं हुडकूलालास मर्दा, डांबरगोळी हाय ती!"

मी दोघांचं ऐकत ऐकत प्यालो.
कधी ट्रंक उघडली, कधी फांदी वाकवली.

बऱ्याच भांडणानंतर चार ठरले.
एस्लिनबाई उठता उठता म्हणाल्या, पाच,
आणि उरलेली बाटली आत घेऊन गेल्या.