सोळाच्या खाली

तार्तूच्या ऑफिसात आम्ही तिघं
सत्तावीस इंची पडद्यासमोर
फेरीबोटीचं वेळापत्रक नटवत होतो.
तानेल म्हणाला, खालची टीप बारीक कर,
गिचमिड दिसतंय.
मी बारा केले. मग अकरा.
रंग राखाडी. ग्राहकाला फार आवडला.
पांढऱ्यावर काळं करायचा आमचा धंदा,
आम्ही पांढऱ्यावर धुकं केलं
आणि बिल पाठवलं.

टीप एवढीच होती:
समुद्र गोठल्यास रविवारची शेवटची फेरी नाही.

फेब्रुवारीत एंडेल पिहलाक, वय एकोणऐंशी,
बेटाच्या धक्क्यावर दोन तास उभा राहिला,
काखेत बहिणीसाठी धुरी दिलेले मासे,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
तक्रार त्यानं केली नाही.
केली ती तिकीटखिडकीवरच्या बाईनं:
म्हातारा थिजला असता.
तुमची टीप मलाही दिसत नाही
आणि मी बत्तीस वर्षांची आहे.

मला पाठवलं माफी मागायला.
हाप्सालूपर्यंत बस, पुढे तीच बोट.

त्याच्या टेबलावर तीन चष्मे,
एकाची काडी जाळ्याच्या दोऱ्यानं बांधलेली,
आणि पितळी कडेचं एक भिंग.
त्यानं टॅबलेट पुढ्यात घेतला,
दोन बोटं टेकवून फाकवली,
वेळापत्रक हललं नाही.
पुन्हा फाकवली.
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
झूम बंद करणारी ओळ माझीच होती,
मांडणी मोडू नये म्हणून.

"अक्षरं सुबक आहेत," तो म्हणाला,
जणू माफी त्यालाच मागायची होती,
"फक्त फार लांब उभी आहेत."

मग मी सेटिंग्ज उघडली.
त्याची मुलगी हेल्वे, तुर्कूला असते,
नाताळात येऊन अक्षरांचा आकार
चोवीसवर ठेवून गेली होती.
बँकेनं तो ऐकला होता,
हवामानखात्यानं, गावच्या निधनवार्तांनीसुद्धा.
आमच्या पानानं नाही.
मी आकार पिक्सेलमध्ये ठोकला होता,
खिळ्यासारखा.
म्हणजे त्यानं मागितलं होतं,
रीतसर, एकदाच, सगळ्या जगाकडे,
आणि माझ्या दोन अक्षरांनी ते खोडलं होतं.
तो डोळ्यांत तेल घालून वाचत होता.
डोळेझाक इकडून झाली होती.

परत येऊन मी खिळे उपटले.
बटणं दोन ओळींत गेली, लोगो खाली घसरला.
तानेल म्हणाला, बालवाडीचं पुस्तक झालं.
ग्राहकाचा फोन: एवढं मोठं
म्हणजे ओरडल्यासारखं वाटतं हो.
मी टीप त्याला कुजबुजत वाचून दाखवली.
"काय?" तो म्हणाला. "जरा मोठ्यानं."
मी पुन्हा कुजबुजले.
पलीकडे थोडा वेळ काही नाही,
मग, बरं. बरं.

आता टीप वर आहे, वेळेच्या शेजारी,
बाकीच्या ओळींएवढीच उंच
आणि खरोखर काळी.

एप्रिलमध्ये मी एंडेलला फोन केला,
शाबासकी मिळेल असं वाटून.
पानाबद्दल तो बोललाच नाही.
वाचता आलं की अक्षर दिसत नाही,
बोट वेळेवर आली, एवढंच दिसतं.
मी भिंगाचं विचारलं.
ते आता माशांसाठी, तो म्हणाला.
पर्चचा खवला दिव्यासमोर धरायचा,
आत कडी असतात, एकेका हिवाळ्याची.
परवाचा नऊ वर्षांचा निघाला.
"इतकं बारीक?" मी म्हटलं.
"असू दे की," एंडेल म्हणाला,
"कुणी वाचावं असं
त्या माशाच्या मनातच नव्हतं."