सरस

ग्रिम्सबीच्या गुत्त्यात अजून सांगतात :
क्लाइव्ह थॅकरे दर शनिवारी नवी गिटार फोडायचा,
एकदा तर दातांनी तार तोडून गिळली म्हणे,
आणि पुढची दोन गाणी
त्याच्या पोटातून ऐकू आली.

म्हातारा विल्फ ऑडी मिशीवरचा फेस पुसतो.
नवी कुठली?
एकच होती. तीही हप्त्यांवरची.
रविवारी पोत्यातून तुकडे यायचे,
मी सरस तापवायला घ्यायचो,
सुपाचं पातेलं नासलं म्हणून आई ओरडायची.
शेवटी शेवटी मानेला सोळा सांधे.

आणि तार?
ती मात्र खरंच गिळली गाढवानं.
भाऊ व्हॅन हाकत होता,
इस्पितळ येईपर्यंत मी मागे
त्याच्या पोटावर कान ठेवून.
म्हटलं,
न जाणो.