रेघेबाहेरचा लाल

शारजा, इंडस्ट्रियल एरिया, गोदाम नंबर सहा.
तोंडात टाचण्या धरून परकार टेलर विचारतो,
"बाई, हा लाल रेघेबाहेर का सांडलाय?"

अंक तिसरा, पान चौदा.
गलबताच्या डोलकाठीवरून मौजा झेपावते
आणि तिच्या झग्याचा लाल
तिच्यापासून सूतभर मागे राहतो.

छपाईची चूक, चॅनेलवाले म्हणतात.
नाकही जरा सरळ करू, म्हणतात,
आणि रागावली की डोळे एवढे बारीक नकोत.

मौजा म्हणजे लाट.
मी आठ वर्षांची, शाळेच्या बसमध्ये,
अरबी अर्धीमुर्धी, मराठी घरापुरती;
मला वाटायचं, ही इतकी घाईत आहे
की रंगालाच गाठता येत नाही तिला.

खोर फक्कानला फोन लावला, चितारणाऱ्या बुथैनाबाईंना.
हसल्या. "चूकच ती. मशीन जुनं होतं."
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"पण राहू दे."

रात्री दोनला परकार
काळ्या गोटाच्या बाहेर सूतभर
लाल पट्टी टाचतो, डावीकडेच फक्त,
अंक गुडघ्यावर उघडा,
आणि खेडला आईला व्हॉइस मेसेज:
"नीज तू. मी आलोच असं समज."

सकाळी लुलुवा झगा घालून
दिव्यांखाली उभी राहते.
उडी अजून मारलेली नाही,
नाक तिचं तिचंच, वाकडं;
आणि तिच्यामागून काहीतरी
पोचायचं राहिलेलं आहे.