वस्तीची गाडी

मुलानं हैदराबादेतनं बुकिंग केलं,
दोन रात्री, सगळी जेवणं, एक जीपफेरी,
आणि फोनवर म्हणाला, बाबा, जरा जंगल बघून या.
मी हो म्हणालो.
एकोणीस वर्षं ह्याच रस्त्यावर तिकिटं फाडली
हे त्याला माहीत आहे,
पण जंगल बघितलं, असं मी घरी कधी बोललो नसेन.

काउंटरवरच्या पोरीनं कन्नडात विचारलं,
मी कन्नडात सांगितलं,
फॉर्म इंग्रजीत भरला,
बॅग उचलणारा पोरगा मराठीत म्हणाला, चला काका.
ह्यात आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही.

खोलीचं नाव धनेश.
दारावर चोच कोरलेली,
आत मच्छरदाणी, लग्नाच्या मांडवाएवढी,
टेबलावर कागद : रात्री बाहेर पडू नये.
वाचून हसू आलं.

वस्तीची गाडी साडेसातला हेम्माडग्यात पोचायची.
मी मागच्या लांब सीटवर,
ड्रायव्हर शिवबसू टपावर,
कारण डिझेलच्या वासानं त्याला झोप यायची नाही.
डिझेलवर पोट असलेल्या माणसाला!
फणस पिकले की अस्वल यायचं,
गाडीला पाठ घासायचं,
आणि अख्खी गाडी हलायची, हळू.
पाळण्यासारखी, असं लिहिणार होतो,
पण तेव्हा तसं मुळीच वाटलं नव्हतं.
वरनं शिवबसू कुजबुजायचा,
पुंडलिकराव, तिकीट काढलंय काय बघा त्यानं.

पहाटे जीप.
आठ माणसं. मोजली. सवय.
गाइड वैजू म्हणाला,
बोलायचं नाही, अत्तर नको, लाल कापड नको.
ह्याच वळणावर माझ्या गाडीत कोंबड्या असायच्या,
शिकेकाईची पोती, एकदा तर बाळंतीण,
आणि सगळी एकदम बोलायची, कोंबड्यांसकट.

रस्त्यात गवा उभा.
पायांत पांढरे मोजे, मान ताठ,
शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा.
कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण लावून श्वास धरला.
मला दिसली धाकूबाय,
मांडीवर लोण्याचं मडकं, डोकं खिडकीबाहेर,
हो की रं बाजूला, बाजार उठंल!
आणि तो व्हायचा.

थांबून फार वेळ झाला होता बहुतेक.
माझी बोटं आपोआप दांडीवर वाजली,
टण टण.
ड्रायव्हरनं गिअर टाकला.
गवा कारवीत गेला.
डॉक्टर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

संध्याकाळी वैजू चहा घेऊन आला, उभाच राहिला.
तुम्ही कंडक्टर न्हवं? डबल बेलवरनं वळखलं.
धाकूबायचा नातू मी.
मी म्हणालो, तू अर्ध्या तिकिटाचा होतास.
म्हणाला, तिकीट कुठलं, तुम्ही फुकट न्यायचा.

आजी आता खानापूरच्या अलीकडं, पत्र्याच्या खोलीत.
म्हशी विकल्या.
दारात लाइटचा खांब आहे,
रात्र होतच नाही म्हणती.
आणि तुमचं एक तिकीट ठेवलंय तिनं
कुंकवाच्या डबीत,
मागं तुम्ही लिहिलंय, पंचाहत्तर पैसे.

सुट्टे नसले की लिहून द्यायचो मी.
उतरताना घ्या, म्हणायचो.
गर्दीत राहून जायचं.
तिची अख्खी वाडी उतरली
तेव्हा मी ह्या रूटवर नव्हतो,
बैलहोंगलला बदली झाली होती.
खरं तर असतो तरी काय केलं असतं,
घंटा मारली असती.

रात्री मच्छरदाणी वर केली,
कागद उलटा ठेवला,
आणि पायरीवर जाऊन बसलो.
खिसा चाचपला,
दहाची नोट, मुलानं दिलेलं कार्ड.
पाव रुपया तर सरकारनंच बंद केलाय.

अस्वल आलं नाही.
फणस अजून मुठीएवढे आहेत.